पहिला सॅक्सोफोन घेताना

माझा पहिला सॅक्सोफोन सोनेरी, नवाकोरा आणि मखमली अस्तराच्या पेटीतला होता. सहा महिने रोज तासभर फुंकूनही त्याच्यातून सगळ्यात खालचे तीन-चार स्वर धड निघाले नाहीत. निघायचे तेव्हा गुळण्या केल्यासारखी घरघर यायची. ओठ सैल सोड, पोटातून फुंक, मान सरळ ठेव, हे सगळं करून पाहिलं आणि आपल्यातच दम नाही अशी मनाची समजूत घातली. मग कोल्हापुरात एका लग्नात बँडमधल्या एका वयस्कर सॅक्सवाल्यांना गाठलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी बोलावलं, खोलीची दारं-खिडक्या लावल्या, वाद्याच्या पोटात छोटी बॅटरी सोडली आणि एकेक कळ हलकेच दाबत गेले. दोन झाकणांच्या कडेनं उजेडाची रेघ बाहेर येत होती.

"ओठ बरोबर हायत तुमचे," ते म्हणाले. "वारं गळतंय."

मग त्यांनी स्वतःचा सॅक्स हातात दिला. त्याचं पॉलिश उडालेलं, एका बाजूला पोचा. पहिल्याच फुंकरीत खालचा सी हा स्वर आला, भरदार आणि सरळ.

हा लेख त्या सहा महिन्यांसाठी लिहितो आहे. नवशिक्याला आपली चूक आणि वाद्याचा दोष यांतला फरक कळत नाही, म्हणून पहिल्या वाद्यात हवा न गळणं ही गोष्ट नाव, रंग, नक्षी या सगळ्यांच्या आधी येते. खाली जे सांगतो आहे ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

पायरी १ : वाद्य काय आहे ते समजून घ्या

बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सनं हे वाद्य १८४०च्या दशकात तयार केलं आणि १८४६ मध्ये पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं असलं तरी ट्रम्पेटशी त्याचं नातं लांबचं. क्लॅरिनेटसारखी बोरूसारख्या वनस्पतीची एक पातळ पट्टी, म्हणजे रीड, तोंडात धरायच्या तुकड्यावर, म्हणजे माउथपीसवर, बांधलेली असते. ती थरथरते आणि नळीतली हवा बोलू लागते. नळी वरून खाली रुंद होत जाते आणि तिच्यावर वीसहून अधिक छिद्रं असतात. प्रत्येक छिद्रावर चामडं लावलेली गादी असते, तिला पॅड म्हणतात.

बासरीवर बोट नीट बसलं नाही तर ते आपल्याला लगेच जाणवतं. सॅक्सवर छिद्र बोट झाकत नाही, पॅड झाकतं, आणि ते नीट बसलं नाही तर बोटाला काहीच कळत नाही. सगळ्यात खालच्या बी फ्लॅट या स्वरासाठी यातलं प्रत्येक छिद्र बंद व्हावं लागतं. म्हणून वरच्या टोकाला कुठे केसाएवढी फट असली तरी ती खालच्या स्वरांत उघडी पडते.

पायरी २ : आल्टो की टेनर

बाजारात चार प्रकार भेटतात, लहानाकडून मोठ्याकडे: सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बॅरिटोन. बॅरिटोन पाच-सहा किलोंचा आणि फार महाग, त्याचा विचार आता नको. सरळ नळीचा सोप्रानो छोटा आणि सनईसारखा दिसतो, त्यामुळे बऱ्याच जणांना तो सोपा वाटतो. पण त्याच्यावर स्वर सुरात ठेवायला ओठ तयार लागतात. ओठ जरासे हलले की सूर सरकतो. शिकवणारेही सहसा त्यावर सुरुवात करून देत नाहीत.

उरले दोन. माझं मत स्पष्ट आहे: मनात टेनरच घर करून बसला नसेल तर आल्टो घ्या. तो साधारण अडीच किलोंचा असतो, टेनर साडेतीनच्या आसपास. आल्टोला श्वास कमी लागतो, कळांमधलं अंतर बेताचं असतं, सुटे भाग आणि रीड सहज मिळतात आणि जुना विकायचा झाला तर गिऱ्हाईकही लवकर भेटतं. दोन्हींची बोटं एकच. आज आल्टोवर शिकलात तर उद्या टेनर हातात घेऊन त्याच बोटांनी वाजवता येतो.

आपल्याकडे आल्टोची परंपराही मोठी आहे. कोलकात्याहून मुंबईत आलेले मनोहारी सिंग यांचा सॅक्स हिंदी चित्रपटसंगीतात कित्येक वर्षं ऐकू येत राहिला. मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ यांनी आल्टोत आपल्या गरजेप्रमाणे बदल करून त्यावर कर्नाटक संगीत उभं केलं आणि १९९४ मध्ये लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीतमहोत्सवात ते वाजवलं. गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांनी जॅझमध्ये नाव कमावलं. या तिघांचं वादन मन लावून ऐका. कोणता आवाज आपल्याला बोलावतो ते दुकानात जायच्या आधी ठरलेलं बरं.

मुलांसाठी घेत असाल तर दोन गोष्टी बघा. पुढचे दुधाचे दात पडून कायमचे आलेले असावेत, कारण वरचे दात माउथपीसवर टेकतात. आणि उजव्या हाताची करंगळी खालच्या कळांपर्यंत न ताणता पोचावी. बहुतेक मुलांचं हे नऊ-दहा वर्षांच्या सुमारास जमतं. त्याआधी बासरी किंवा रेकॉर्डर नावाची उभी बासरी वाजवली तर तेही पुढे कामी येतं.

पायरी ३ : पट्टीचं गणित आधीच करून ठेवा

ही गोष्ट दुकानदार सांगत नाही आणि हार्मोनियमवर वाढलेला माणूस इथेच अडखळतो. आल्टोवर बोटांनी सी, म्हणजे पांढरी एक, धरला तर ऐकू येतो तो हार्मोनियमचा काळी दोन. टेनरवर तोच सी धरला की काळी पाच ऐकू येतो. वाद्य बिघडलेलं नाही, त्याची जातच तशी आहे. आल्टो ई फ्लॅटचा, टेनर बी फ्लॅटचा.

म्हणजे कोणी काळी एकमध्ये गात असेल तर आल्टोवर सा येतो बी फ्लॅटवर आणि टेनरवर ई फ्लॅटवर. दोन्ही जमण्यासारखे. गायिका काळी चारमध्ये गात असतील तर आल्टोवर सा म्हणजे एफ, आणि हा तर नवशिक्याच्या हाताला अगदी सोयीचा. पांढरी पाच असेल तर आल्टोवर ई. अवघड जाते ती पांढरी दोन: आल्टोवर सा बीवर येतो, बिलावलचे सगळे शुद्ध सूर लावले तरी पाच शार्प स्वर धरावे लागतात, आणि पहिल्या वर्षी बोटं तिथे गुंततात.

घरातलं गाणं, भजनी मंडळ, मित्रांचा ऑर्केस्ट्रा, जिथे वाजवायचं आहे तिथली पट्टी विचारून कागदावर लिहून घ्या. निवड यावरून बदलावी असं नाही, पण पहिल्या महिन्यात "माझा सॅक्स बेसूर आहे" असं वाटून होणारा मनस्ताप टळतो.

पायरी ४ : आधी माणसं शोधा

वाद्याआधी दोन माणसं हवीत: शिकवणारा आणि दुरुस्ती करणारा. मुंबई, पुणे, गोवा इथे शिकवणारे मिळतात. लहान गावात चर्चमधले वादक, पोलीस बँडमधून निवृत्त झालेले किंवा लग्नाच्या बँडमधले जुने वादक यांच्याकडे आदरानं जा. त्यांच्या हातातून शेकडो वाद्यं गेलेली असतात. खरेदीला सोबत येण्यासाठी त्यांच्या वेळेचे पैसे द्या. ते पैसे वाद्याच्या किमतीतच धरायचे.

दुरुस्ती करणाऱ्याला फोन करून एकच प्रश्न विचारा: "या कंपनीचं वाद्य तुम्ही हातात घेता का?" स्वस्त, बिननावाच्या वाद्यांचं धातुकाम मऊ असतं. आज कळ सरळ केली की पंधरा दिवसांत पुन्हा वाकते, सुटा भाग मिळत नाही. चांगले कारागीर अशा कामाला सरळ नाही म्हणतात, आणि तो नकार ऐकणं हीच तुमची पहिली तपासणी.

पायरी ५ : नवा की वापरलेला

बिननावाचा नवा आल्टो साधारण पंचवीस-तीस हजारांपासून मिळतो. नावाजलेल्या कंपनीचा विद्यार्थ्यांसाठीचा नवा आल्टो, उदाहरणार्थ यामाहाचा वायएएस २८०, लाखाच्या घरात जातो. तैवानच्या ज्युपिटरची वाद्यंही याच वर्गात भरवशाची आहेत. मधल्या पैशांत खरी खरेदी होते ती वापरलेल्या वाद्यांची. यामाहाचा जुना वायएएस २३ नीट राखलेला मिळाला तर नवशिक्यासाठी मी तो कुठल्याही चकचकीत बिननावाच्या वाद्याआधी घेईन. विद्यार्थ्यांसाठीची ही वाद्यं दणकट असतात, सुरात असतात, आणि चार वर्षांनी विकली तरी बरेचसे पैसे परत येतात.

ऑनलाइन मागवण्याबद्दल एवढंच सांगतो: चांगल्या कंपनीचं नवं वाद्यसुद्धा प्रवासात धक्के खाऊन कळांची बसण घालवू शकतं. मागवलंत तर परत करण्याची मुदत किती ते पाहा आणि त्या मुदतीत कारागिराला दाखवून घ्या. परदेशातून नातेवाइकाकडून आणायचं असेल तर सीमाशुल्काची चौकशी आधी करा. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांसाठी गणित निराळं आहे. तिथे शाळेच्या बँडमधल्या मुलांना दुकानं महिन्याच्या भाड्यानं वाद्य देतात, दुरुस्तीही बऱ्याचदा त्यातच येते. पहिलं वर्ष भाड्यावर काढणं तिथे शहाणपणाचं.

जुन्या बँडचा माल विकायला निघतो तेव्हा एक सापळा असतो. ब्रिटिश काळातल्या लष्करी बँडची वाद्यं आजच्यापेक्षा चढ्या सुराला बांधलेली असत. अशा वाद्याच्या अंगावर कधी 'हाय पिच' किंवा नुसतं 'एच पी' कोरलेलं असतं. ते कितीही सुंदर असो, घेऊ नका. माउथपीस बाहेर ओढून सूर उतरवता येईल असं वाटतं, पण छिद्रांची जागाच चढ्या सुरासाठी आखलेली असल्यामुळे एक स्वर जुळवला की दुसरा सुटतो. 'लो पिच' किंवा 'एल पी' लिहिलेलं असेल तर हरकत नाही.

पायरी ६ : हातात घेऊन तपासणी

इथे घाई करू नका. अर्धा तास मागून घ्या, आणि विकणारा अर्धा तास द्यायला तयार नसेल तर उठा.

आधी नुसतं बघा. वरची वाकडी नळी, जिला नेक म्हणतात, ती बाजूनं पाहा. तिच्या कमानीच्या पोटात चुणी पडली असेल किंवा नळी चपटी झाली असेल तर कोणीतरी वाद्य नेकला धरून ओढलेलं आहे, आणि त्याचा परिणाम सुरावर होतो. मग वाद्याला डोळा लावून वरून खाली बघा, नळी आणि तिच्यालगतचे लांब दांडे सरळ रेषेत हवेत. पडलेलं वाद्य वाकतं आणि मग कळा अडकतात. कर्ण्यावरचे छोटे पोचे मनावर घेऊ नका. छिद्रांच्या कडेचे आणि खालच्या वळणावरचे मात्र घ्या. पॉलिश उडालेलं असणं हा दोष नाही. उलट जुन्या वाद्यावर नवं पॉलिश चढवून कोरीव नक्षी पुसट झालेली दिसली तर खाली काय झाकलंय ते विचारा. पितळेवर गुलाबी-तांबूस ठिपके असतील तर धातूतलं जस्त निघून चाललं आहे. एखादा असेल तर चालेल, नेकवर खूप असतील तर नको.

मग हातानं. नेक बसवून स्क्रू आवळा आणि हलकेच हलवून पाहा, ती डुगडुगता कामा नये. बहुतेक नवशिके ही जागा तपासत नाहीत, आणि इथून गळणारी हवा सगळ्या वाद्याला आजारी करते. प्रत्येक कळ दोन बोटांत धरून आडवी हलवा. खडखड वाजत असेल तर दांडे झिजलेत. पॅडवर बोट फिरवा: चामडं मऊ, तपकिरी आणि अखंड हवं. काळं, कडक, चिरलेलं असेल तर सगळे पॅड बदलण्याचा खर्च कारागिराला आधी विचारा आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करून बोला. सुईसारख्या बारीक स्प्रिंगा गंजलेल्या नाहीत ना तेही पाहा. कोकणातून किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या घरातून आलेल्या वाद्यात हे हमखास बघावं.

आता उजेड. कोल्हापूरच्या त्या काकांनी बॅटरी सोडली होती, पण दिवाळीच्या एलईडीच्या बारीक माळेनं हे काम जास्त चांगलं होतं. माळ नळीत वरून खालपर्यंत सोडा, खोली अंधारी करा आणि कळा वाजवताना दाबाल तेवढ्याच, म्हणजे हलक्या जोरानं दाबा. जोरात दाबलं तर वाईट पॅडही बसतं आणि फसगत होते. कडेनं कुठेही उजेड दिसू नये. एखाद्या पॅडच्या एकाच बाजूनं दिसला तर कारागीर ते सहज नीट करतो. सात-आठ ठिकाणी दिसला तर वाद्य सोडा, किंवा पूर्ण दुरुस्तीचा खर्च धरून बोला.

त्यानंतर आठव्याची कळ, म्हणजे स्वर एक सप्तक वर नेणारी, डाव्या अंगठ्याखालची. ती दाबून धरा आणि जी हा स्वर वाजवा, म्हणजे डाव्या हाताची पहिली तीन बोटं. नेकवरचं छोटं झाकण बंद राहायला हवं. आता अनामिका उचला, ए हा स्वर होईल, आणि नेकवरचं झाकण उघडायला हवं. अनामिका पाच-सहा वेळा भराभर उचलून टेकवा. झाकण दर वेळी चटकन जागा बदलत असेल तर यंत्रणा ठीक. जी शार्पची कळही दाबून पाहा. तिचं पॅड चिकटून राहण्याची खोड फार वाद्यांना असते, ती पुसून सुटते, त्यासाठी वाद्य नाकारू नका.

शेवटी फुंकर, आणि इथे सोबत आलेल्या वादकाला वाजवू द्या. मधल्या जी स्वरापासून एकेक स्वर खाली उतरत सगळ्यात खालच्या बी फ्लॅटपर्यंत जायला सांगा, आणि तेही हळू आवाजात. कसलेला माणूस जोर लावून गळकं वाद्यही वाजवतो, म्हणून हळू आवाजाचा आग्रह धरा. खालचे स्वर घरघर न करता निघाले तर निम्मं काम झालं. मग प्रत्येक स्वर आणि त्याचा वरचा आठवा ट्यूनरवर, म्हणजे सूर दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहा. मधला डी थोडा चढा असणं हे या वाद्याच्या स्वभावातच आहे, त्यानं घाबरू नका.

तुम्हाला स्वतःला काहीच वाजवता येत नसलं तरी एक गोष्ट करता येते. माउथपीस नेकवर लावा, बाकी वाद्य बाजूला ठेवा आणि फुंका. आल्टोवर हा स्वर काळी चारच्या जवळ यायला हवा. सोबतच्या वादकाचा बरोबर येतो आणि तुमचा खाली राहतो, तर ते ओठांचं काम आहे आणि शिकून जमेल. त्यांचाही येत नसेल तर माउथपीस किंवा नेक संशयास्पद.

पायरी ७ : माउथपीस, रीड, पट्टा

स्वस्त वाद्यासोबतचं माउथपीस अनेकदा निकृष्ट असतं. यामाहाचं ४सी हे साधं, प्लास्टिकचं माउथपीस फार महाग नाही आणि नवशिक्याला त्याच्यावर आवाज लवकर सापडतो. वादकांच्या फोटोत दिसणारं धातूचं, टोकाशी मोठी फट असलेलं माउथपीस पहिल्या वर्षी घेऊ नका, त्याला लागणारे ओठ अजून तयार नसतात.

रीड दोन किंवा अडीच नंबरची घ्या, नंबर वाढतो तशी ती कडक होते. व्हँडोरेन आणि रिको ही नावं दुकानात सहज मिळतात. एकच रीड घासत बसण्यापेक्षा तीन-चार आळीपाळीनं वापरा, प्रत्येकीवर पेन्सिलनं आकडा टाका. टोक चिरलं की लगेच फेका. मींड घ्यायची हौस असेल तर कडक रीडच्या मागे धावू नका. ओठांनी स्वर वाकवायला रीडमध्ये लवचिकता लागते.

गळ्यातला पट्टा रुंद आणि मऊ घ्या. मान दुखत असेल, किंवा मुलासाठी घेत असाल, तर खांद्यांवरून जाणारा पट्टा घ्या. आणखी लागतं ते म्हणजे नळी पुसायचं कापड आणि नेकच्या बुचाला लावायचं ग्रीस. एकूण रकमेचा साधारण दहावा भाग या सगळ्यासाठी आणि पहिल्या सर्व्हिसिंगसाठी बाजूला ठेवा.

पायरी ८ : घरी आणल्यावर

सॅक्सचा आवाज मोठा असतो आणि कर्ण्यात कापड कोंबून तो दबत नाही, कारण बहुतेक स्वरांचा आवाज उघड्या छिद्रांतून बाहेर येतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांना आधी भेटून वेळ ठरवा. कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटाकडे तोंड करून वाजवलं तर बराच फरक पडतो.

वाजवून झालं की रीड काढून तिच्या डबीत ठेवा, नेक आणि नळी कापडानं पुसा, मगच पेटी बंद करा. पावसाळ्यात हे एक दिवसही चुकवू नका. ओलसर हवेत पॅड चिकटतात, फुगतात, आणि पेटीच्या मखमलीला बुरशी येते. पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा आणि महिन्यातून एकदा त्या बदला. श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी रिकामी पेटी उघडी करून तासभर वाळवा, वाद्य मात्र सावलीत ठेवा.

तीन महिन्यांनी वाद्य पुन्हा कारागिराकडे न्या, काही बिघडलं नसलं तरी. नवे पॅड तोवर आपली जागा धरतात आणि एखादं थोडं सरकतं. मी माझं पहिलं वाद्य विकलं, तेव्हा घेणाऱ्याला गळणारी दोन्ही पॅड दाखवून किंमत कमी केली. त्या पैशांत भर घालून वापरलेला आल्टो घेतला. त्याच्या कर्ण्यावर अंगठ्याएवढा पोचा आहे. काकांनी तो त्याच अंधाऱ्या खोलीत तपासला, खालचा बी फ्लॅट वाजवला आणि दार उघडत म्हणाले, "आता उद्यापासून या."